हरित विजेची प्रमाणपत्रे अहवालात कशी मांडावीत

हरित विजेचे प्रमाणपत्र म्हणजे सौर, पवन अशा स्रोतातून वीज तयार झाल्याचा, विजेपासून वेगळा विकता येणारा दाखला. कंपनीच्या उत्सर्जन-अहवालात तो मांडताना सुरुवात प्रमाणपत्रांपासून नव्हे, वीजबिलांपासून करा. अहवाल-वर्षातल्या बाराही महिन्यांची युनिट्स मीटरवार एका तक्त्यात उतरवा. भाड्याच्या जागेला वेगळा मीटर नसेल तर क्षेत्रफळावरून अंदाज काढा आणि तो अंदाज आहे हे तिथेच लिहून ठेवा. जनरेटरचे डिझेल या तक्त्यात नको. ते स्कोप 1 मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात जाते, आणि प्रमाणपत्रे कितीही घेतली तरी त्यातून एक किलोही कमी होत नाही.

विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन म्हणजे स्कोप 2. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक मानकाची 2015 ची स्कोप 2 मार्गदर्शिका दोन आकडे मागते. पहिला स्थानाधारित: एकूण वापर गुणिले त्या ग्रिडचा सरासरी उत्सर्जन-गुणक (एका युनिटमागे होणारे उत्सर्जन). प्रमाणपत्रांमुळे हा आकडा हलत नाही. दुसरा बाजाराधारित, म्हणजे वीज कोणत्या कराराने वा प्रमाणपत्राने घेतली त्यावरून काढलेला; प्रमाणपत्रे मोजली जातात ती फक्त इथे.

समजा वापर 24,00,000 युनिट, म्हणजे 2,400 मेगावॉट-तास आहे. ग्रिडचा गुणक युनिटमागे 0.5 किलो धरला तर स्थानाधारित उत्सर्जन 1,200 टन. एक प्रमाणपत्र एका मेगावॉट-तासाचे असते. सौर किंवा पवन विजेची 1,500 घेतली तर तेवढ्या विजेचा गुणक शून्य. उरलेल्या 900 ला ‘रेसिड्युअल मिक्स’चा गुणक लावायचा, म्हणजे कुणीतरी आधीच आपल्या नावावर केलेली हरित वीज वजा जाता ग्रिडमध्ये जे उरते त्याचा. तो 0.6 असेल तर उत्तर 540 टन. हा गुणक प्रसिद्धच होत नसेल तर ग्रिडची सरासरी वापरा, पण तसे नमूद करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिटायर करण्यात. प्रमाणपत्र विकत घेऊन खात्यात ठेवले म्हणजे काम झाले असे नाही. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे प्रमाणपत्रांच्या अधिकृत नोंदवहीत, ते आपल्या कंपनीच्या नावे कायमचे रद्द व्हावे लागते; नाहीतर तेच पुढे दुसऱ्याला विकता येते आणि एकाच विजेवर दोघे हक्क सांगतात. (‘रद्द’ शब्दाने लेखा विभाग दचकतो, त्यांना आधीच सांगून ठेवा.) मध्यस्थाचे बिल हा पुरावा नाही. रद्द केल्याचा दाखला मागा आणि त्यावर लाभार्थीचे नाव, अनुक्रमांक, प्रकल्प आणि निर्मितीचा काळ आहे का ते पाहा.

निर्मितीचा काळ अहवाल-वर्षाच्या शक्य तितका जवळचा हवा. बाजारही तोच हवा: एका देशातल्या कारखान्याची वीज दुसऱ्याच, न जोडलेल्या बाजारातल्या स्वस्त प्रमाणपत्रांनी झाकता येत नाही. स्वतःच्या छतावरच्या सौरविजेची प्रमाणपत्रे विकली असतील तर ती वीज तुम्ही वापरली तरी हरित म्हणून दाखवू नका. हरितपणा विकला गेला. उरली ती नुसती वीज.

नियमांतला फरक थोडक्यात: आयएफआरएस एस2 या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय अहवाल-मानकानुसार स्थानाधारित आकडा द्यावाच लागतो आणि प्रमाणपत्रांसारख्या करारांची आवश्यक माहितीही जोडावी लागते. युरोपचे तसेच मानक, ईएसआरएस ई1, दोन्ही आकडे मागते. घट दाखवताना पायाभूत वर्षाचा (ज्याच्याशी तुलना करायची त्या जुन्या वर्षाचा) स्थानाधारित आणि यंदाचा बाजाराधारित आकडा शेजारी ठेवू नका. लेखापरीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.