राज्यातील विद्यापीठांची क्रमवारी न्याय्यपणे कशी लावावी

देशातील उच्च शिक्षण संस्थांची केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी अमुक विद्यापीठ घसरले, तमुक विद्यापीठाने बाजी मारली असे मथळे येतात आणि पुढच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) कुलगुरूंना त्याचा जाब विचारला जातो. नेमका कोणता आकडा बदलल्यामुळे स्थान बदलले, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. अधिसभा सदस्य, विद्यार्थी संघटना, प्राध्यापक किंवा स्थानिक पत्रकार यांपैकी कोणालाही महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांची स्वतंत्र तुलना करायची असेल, तर त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती उघड उपलब्ध आहे आणि गणितही शाळेतल्या टक्केवारीच्या पलीकडे फारसे जात नाही. अडचण असते ती आकडे भरण्याआधी घ्यायच्या निर्णयांत, कारण एखाद्या विद्यापीठावर होणारा अन्याय बहुधा तिथेच होऊन जातो.

पहिला निर्णय म्हणजे ही क्रमवारी कोणासाठी आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे, हे एका वाक्यात लिहून काढणे. एम.एस्सी.साठी विद्यापीठाच्या विभागात प्रवेश घेणाऱ्या मुलीला तिथे आज किती पूर्णवेळ शिक्षक आहेत एवढेच कळायला हवे असते. जागा रिकाम्या का राहिल्या याच्याशी तिला कर्तव्य नसते. कुलगुरूंच्या कारभाराचे मोजमाप करणाऱ्या सदस्याला मात्र तो ‘का’ टाळता येत नाही, कारण अध्यापकांची पदे मंजूर करणे आणि ती भरण्यास मान्यता देणे हे शासनाच्या हाती असते. शासनाने न दिलेल्या पदांचा दोष विद्यापीठाच्या माथी मारणे आणि मंजुरी हाती असताना जाहिरातच न काढलेल्या विद्यापीठाला सोडून देणे, या दोन्ही चुका एकाच आकड्यातून घडू शकतात. म्हणून विद्यार्थ्यांसाठीची यादी आणि उत्तरदायित्वाची यादी वेगळ्या कराव्यात. दोन्ही हेतू एकाच कोष्टकात बसवण्याचा मोह होतो, पण त्यातून निघालेले उत्तर कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

त्यानंतर तुलनेत कोणाला घ्यायचे ते ठरवावे. राज्य सरकारची विद्यापीठे एका जातीची नाहीत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे, नाशिकची मुक्त आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठे, लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ, रामटेकचे संस्कृत विद्यापीठ यांना सर्वसाधारण विद्यापीठांच्या रांगेत उभे करण्यात अर्थ नाही. एसएनडीटी महिला विद्यापीठाला तर ‘विद्यार्थिनींचे प्रमाण’ या निकषावर कायमच पैकीच्या पैकी गुण मिळतील, आणि त्या गुणांतून काहीही सिद्ध होणार नाही. ही वगळल्यावर ठरावीक जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेली आणि कला, विज्ञान, वाणिज्यासह अनेक शाखांची महाविद्यालये संलग्न असलेली दहा विद्यापीठे उरतात: मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, अमरावती, नागपूर आणि गडचिरोली. खरी तुलना या दहांचीच होऊ शकते.

या दहांमध्येही विद्यापीठ म्हणजे नेमके काय मोजायचे, हा प्रश्न उरतोच, आणि सर्वांत जास्त वेळ त्यावर घालवावा असे माझे मत आहे. प्रत्येक विद्यापीठाची कामे दोन असतात. एक, स्वतःच्या परिसरातील विभागांत पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालवणे. दुसरे, कार्यक्षेत्रातील संलग्न महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे, निकाल लावणे आणि त्यांच्या शैक्षणिक दर्जावर लक्ष ठेवणे. विद्यार्थिसंख्येच्या दृष्टीने पाहिले तर दुसरे काम पहिल्याच्या अनेक पट मोठे आहे. तरीही एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात संलग्न महाविद्यालयांची माहिती धरली जात नाही. म्हणजे नंदुरबार किंवा गोंदियाच्या महाविद्यालयात बी.ए. करणाऱ्या मुलाचा अनुभव त्या क्रमांकात उतरतच नाही. उलट काही हौशी तुलनांमध्ये संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी छेदात आणि केवळ परिसरातील शिक्षक अंशात घेतलेले आढळतात, ज्यामुळे शिक्षक-विद्यार्थी प्रमाण हास्यास्पद दिसते. या दोन कामांचे दोन स्वतंत्र तक्ते करावेत आणि त्यांची बेरीज करू नये.

दोन तक्ते करण्यामागे इतिहासाचेही कारण आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि नागपूर विद्यापीठ १९२३ चे आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठाचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे वेगळे काढून स्थापन झाले. त्याआधी १९८३ मध्ये अमरावती नागपूरपासून, १९९० मध्ये जळगाव पुण्यापासून, १९९४ मध्ये नांदेड तेव्हाच्या औरंगाबादपासून आणि २००४ मध्ये सोलापूर कोल्हापूरपासून वेगळे झाले. अशा प्रत्येक विभाजनात नव्या विद्यापीठाच्या वाट्याला महाविद्यालये आणि परीक्षांचा बोजा पहिल्या दिवसापासून आला. जुने विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि नावाजलेले प्राध्यापक मात्र मूळ विद्यापीठाकडेच राहिले. गोंडवानाच्या परिसरातील संशोधनाची तुलना मुंबईशी करून ‘गोंडवाना मागे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे नसले तरी त्यातून नवे काहीच कळत नाही. संलग्नतेचे काम मात्र दोघांनाही सारख्याच कायद्याखाली करायचे आहे, त्यामुळे तिथे तुलना रास्त ठरते.

माहिती मिळवण्यासाठी तीन ठिकाणे पुरेशी आहेत. विद्यापीठांनी एनआयआरएफला सादर केलेली माहितीपत्रके त्या संकेतस्थळावर पाहता येतात. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी तयार केलेले स्वयंअध्ययन अहवाल विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर असतात. आणि वार्षिक अहवाल व अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतात. जे मिळत नाही, विशेषतः विभागनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे, त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. सगळ्या विद्यापीठांना एकाच मसुद्याचा अर्ज एकाच दिनांकाची स्थिती विचारून पाठवावा, नाहीतर एकाची जूनमधली आणि दुसऱ्याची मार्चमधली आकडेवारी हाती येते. ही सारी माहिती विद्यापीठांनीच भरलेली असते हे लक्षात ठेवून प्रत्येक महत्त्वाचा आकडा निदान दोन कागदांवर ताडून पाहावा. एकाच वर्षाचे शिक्षकसंख्येचे आकडे दोन अहवालांत निराळे निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नये. बहुधा एकात तासिका तत्त्वावरचे किंवा कंत्राटी शिक्षक धरलेले असतात आणि दुसऱ्यात नसतात.

हा फरक किती मोठा ठरू शकतो, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. ‘क’ विद्यापीठाच्या परिसरात ४,५०० विद्यार्थी, १५० कायम शिक्षक आणि १०० कंत्राटी शिक्षक आहेत. ‘ख’ विद्यापीठात २,२५० विद्यार्थी, ९० कायम आणि १० कंत्राटी शिक्षक आहेत. सगळे शिक्षक धरले तर ‘क’मध्ये एका शिक्षकामागे १८ विद्यार्थी आणि ‘ख’मध्ये साडेबावीस, म्हणजे ‘क’ पुढे. फक्त कायम शिक्षक धरले तर ‘क’मध्ये ३० आणि ‘ख’मध्ये २५, म्हणजे ‘ख’ पुढे. दोन्ही आकडे खरे आहेत. कंत्राटी शिक्षक मन लावून शिकवत असला तरी पुढच्या वर्षी तो तिथे असेलच याची खात्री नसते आणि पीएच.डी.चे मार्गदर्शन सहसा त्याच्याकडे नसते, म्हणून संशोधनाच्या निकषासाठी कायम शिक्षक आणि अध्यापनाच्या निकषासाठी दोन्ही संख्या शेजारी शेजारी द्याव्यात, असे मला योग्य वाटते. कोणतीही पद्धत निवडली तरी ती निकाल पाहण्याआधी निवडावी आणि लिहून ठेवावी.

संशोधनाच्या मोजणीत शोधनिबंधांची एकूण संख्या कधीही वापरू नये. दर कायम शिक्षकामागे आणि निदान तीन वर्षांची सरासरी घ्यावी. स्कोपससारख्या शोधनिबंधांच्या माहितीसाठ्यात शोध घेताना नावांची अडचण येते. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे आणि सोलापूरला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. जुनी नावे, नवी नावे आणि त्यांची इंग्रजीतली निरनिराळी स्पेलिंगे असे सगळे शोधल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकही कधी कधी विद्यापीठाचेच नाव लावतात, तेव्हा पत्ता वाचूनच तो निबंध कोणत्या तक्त्यात घालायचा हे ठरवावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला आडवाट नाही. शिवाय या साठ्यांत मराठी नियतकालिके जवळजवळ नसतातच, त्यामुळे मराठी, इतिहास, लोकसाहित्य अशा विभागांची तुलना त्यांच्या आधारे करणे म्हणजे त्या विभागांना आधीच नापास करणे होय. रसायनशास्त्राची तुलना रसायनशास्त्राशी करावी; भाषा विभागांसाठी ग्रंथ, संपादने आणि पूर्ण झालेले पीएच.डी. प्रबंध पाहावेत.

संलग्नतेच्या तक्त्यात निकालाला लागणारे दिवस हा निकष सर्वांत भक्कम आहे, आणि प्रचलित क्रमवाऱ्यांत तो दिसत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावायचा असतो. म्हणजे मोजपट्टी कायद्यानेच दिलेली आहे. प्रत्येक परीक्षेच्या शेवटच्या पेपरची तारीख वेळापत्रकात सापडते आणि निकालाची तारीख परिपत्रकावर. वजाबाकी तेवढी करायची. सरासरीऐवजी ४५ दिवसांपलीकडे गेलेल्या निकालांचे प्रमाण काढावे, कारण छोट्या अभ्यासक्रमांचे झटपट निकाल सरासरी गोड करून टाकतात आणि हजारो विद्यार्थ्यांच्या बी.कॉम.चा रखडलेला निकाल त्यात दडून राहतो. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने लागू झाली, निकाल महिनोन्महिने लांबले आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ज्यांचे पुढचे प्रवेश त्यात अडकले, त्यांच्या लेखी विद्यापीठाच्या इतर कोणत्याही गुणांना त्या वर्षी किंमत नव्हती. पुनर्मूल्यांकनात बदललेल्या गुणांचे प्रमाणही याच तक्त्यात घ्यावे. उत्तीर्णांची टक्केवारी मात्र घेऊ नये. प्रश्नपत्रिका काढणारे, तपासणारे आणि निकाल लावणारे विद्यापीठ एकच असते, आणि सोपी परीक्षा घेणाऱ्याला बक्षीस देण्याचे कारण नाही. समान फूटपट्टी हवी असेल तर नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या घ्यावी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेत असले तरी ती सर्वांसाठी एकच असते.

तयार निकष उचलताना ते कशासाठी बनवले होते हेही पाहावे. एनआयआरएफमध्ये समावेशकतेच्या निकषाखाली परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना गुण आहेत. राष्ट्रीय संस्थांसाठी ते समजण्यासारखे आहे. पण आपल्याच तालुक्यांतील मुलांना घराजवळ शिकता यावे म्हणून काढलेल्या गडचिरोलीच्या विद्यापीठाला त्यावर शून्याजवळ गुण मिळणे हे त्याच्या उद्दिष्टाचे अपयश नव्हे, तर ते उद्दिष्ट पाळल्याचा परिणाम आहे. राज्यांतर्गत क्रमवारीत हा घटक वगळून कार्यक्षेत्रातील अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि मुलींचा लोकसंख्येतील वाटा विद्यापीठाच्या प्रवेशांत किती उतरला, ते मोजावे. शिक्षणतज्ज्ञ व नोकरी देणाऱ्यांच्या मतांना असलेले दहा टक्के वजनही मी काढून टाकेन; त्यातून मुख्यतः शहराचे नाव आणि विद्यापीठाचे वय मोजले जाते.

नॅकच्या श्रेणीबाबत एकच दक्षता पुरे: श्रेणी नव्हे, तर चारपैकी मिळालेले गुण आणि वर्ष पाहावे. २०१६ पूर्वी ३.०१ ते ४ या सगळ्या गुणांना एकच ‘अ’ श्रेणी होती, त्यानंतर तिचे अनेक तुकडे झाले, त्यामुळे जुना ‘अ’ आणि नवा ‘अ’ ही एकच गोष्ट नव्हे.

आता निरनिराळ्या मापांतले आकडे एका मापात आणायचे. सर्वांत वरच्याला १०० आणि सर्वांत खालच्याला ० देऊन मधल्यांना त्या प्रमाणात बसवण्याची पद्धत सोपी, म्हणून लोकप्रिय आहे. पण चार विद्यापीठांचे दर शंभर शिक्षकांमागील निबंध समजा ४००, १२०, ११० आणि ९० असतील, तर त्यांना अनुक्रमे १००, सुमारे १०, सुमारे ६ आणि ० गुण मिळतात, आणि एका असाधारण विद्यापीठामुळे उरलेली तिघे उगाच तळाशी चिकटतात. दहाच विद्यापीठे असताना प्रत्येक निकषावरील क्रमांक घेणे अधिक सुरक्षित. भारांकाबद्दल, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे याबद्दल, कितीही वाद घातला तरी अचूक भारांक सापडत नाही, म्हणून वाद घालण्यापेक्षा भारांक बदलून पाहावेत: सर्व निकषांना समान, मग अध्यापनाला दुप्पट, मग निकालाच्या वेळेला दुप्पट. प्रत्येक वेळी यादी पुन्हा काढावी. जे विद्यापीठ प्रत्येक यादीत पहिल्या तिनांत राहते, त्याच्याबद्दल ठामपणे बोलता येते. जे तिसऱ्यावरून आठव्यावर आणि परत येते, त्याला क्रमांक देणे म्हणजे वाचकाची फसवणूक होईल. त्यामुळे एक ते दहा अशी उतरंड छापण्याऐवजी वरचा, मधला आणि खालचा असे तीन गट करावेत, गटात नावे अकारविल्हे द्यावीत आणि ज्यांचा गट भारांकानुसार बदलतो त्यांच्यापुढे खूण करावी. बातमीला मथळा मिळणार नाही, हे खरे.

प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे फक्त त्यांचे स्वतःचे आकडे, ते कोणत्या कागदावरून घेतले त्याच्या उल्लेखासह, दुरुस्तीसाठी पाठवावेत आणि उत्तरासाठी तीन आठवडे द्यावेत. गट कोणता पडला ते या टप्प्यावर कळवू नये, नाहीतर दुरुस्तीऐवजी रदबदली सुरू होते. आलेली दुरुस्ती कागदपत्र असेल तरच स्वीकारावी, आणि एकाच्या सांगण्यावरून एखाद्या निकषाची व्याख्या बदलली तर ती उरलेल्या नऊ जणांनाही लावून सगळे गुण नव्याने काढावेत. ज्यांचे उत्तर आले नाही, त्यांच्या नावापुढे तसे नमूद करावे आणि कोष्टकाची मूळ फाईल यादीसोबतच उपलब्ध ठेवावी.