जुने सागवानी फर्निचर घरी उजळताना या चुका टाळा

आजोबांच्या काळातले सागवानी कपाट, तिरक्या झाकणाचे डेस्क किंवा माजघरातला झोपाळा घरच्या घरी उजळावा असे मनात आले, की बहुतेक जण आधी पॉलिश पेपर विकत आणतात. नुकसानीची सुरुवात बहुधा तिथेच होते. लाकडावर मुळात कोणता थर आहे हे ओळखल्याशिवाय त्याला घासू नये.

ही ओळख पटवणे अवघड नाही. पायाच्या आतल्या बाजूला, सहसा दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरून ठेवावा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा तपकिरी झाला, तर ते चपडी लाखेचे, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते काम आहे. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने थर मऊ पडतो, असे असेल तर बहुधा लॅकर आहे; थराने दोन्हींनाही दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखा अलीकडचा थर असण्याची शक्यता अधिक.

फ्रेंच पॉलिश निघाले तर आनंद मानावा, कारण चपडी कितीही जुनी असली तरी सहसा स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते आणि नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. अशा वस्तूला अनेकदा घासण्याची गरजच पडत नाही. आमच्या घरच्या डेस्कच्या झाकणावर, लिहिताना मनगट टेकत असे नेमक्या तिथे, वर्षानुवर्षांच्या तेलकटपणाचा काळा, चिकट पट्टा होता. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले सुती फडके दोनदा हलकेच फिरवल्यावर त्याखाली मधाच्या रंगाच्या लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसू लागल्या. पॉलिश पेपर लावला असता तर तो रंगही गेला असता. जुन्या सागवानाची ती छटा प्रकाशाने आणि काळाने केवळ वरच्या पातळ थरात उतरलेली असते, आणि एकदा घासली गेली की ती परत आणता येत नाही.

घासणे अपरिहार्यच असेल तर 120, मग 180, मग 220 नंबरचा पेपर या क्रमाने आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. आडवे घासल्याचे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पण पॉलिशचा पहिला हात बसताच सगळे उघडे पडतात. प्लायवर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेले फर्निचर असेल तर यंत्राने घासूच नये, कारण तो थर अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो.

वस्तूवर जुना ऑइल पेंट असेल तर विशेष जपावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 भाग प्रति दशलक्ष या मर्यादेत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे. असा रंग कोरडा घासू नये आणि जाळूनही काढू नये. पृष्ठभाग ओला ठेवून, एन-95 मास्क लावून आणि लहान मुलांना दूर ठेवूनच तो काढावा.

पावसाळ्यात फ्रेंच पॉलिश करणे ही आपल्याकडची, विशेषतः कोकणातली, नेहमीची चूक. स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्या थरात अडकतो आणि पॉलिशवर दुधाळ पांढरट झाक येते. असे झाल्यास सगळे खरवडून काढू नये. कोरड्या हवेचा दिवस पाहून, कापूस सुती कापडात गुंडाळून केलेल्या पुरचुंडीला नावापुरते स्पिरिट लावून ती न थांबता फिरवावी. डाग वरवरचा असेल तर बहुधा निघतो. त्या वेळी खोलीत निरंजन किंवा गॅस पेटता नसावा.

याच दिवसांत कपाटाचे खण अडकू लागतात आणि लोक रंधा मारून घेतात. लाकूड ओलाव्याने फुगलेले असते. श्रावणात रंधलेला खण चैत्रात खडखडू लागतो. तोवर कडांना मेणबत्ती चोळून काम भागवावे आणि रंधा मारायचाच असेल तर तो उन्हाळ्यात मारावा.

डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकू नये. खिळ्याने लाकूड चिरते आणि पुढे सांधा उलगडणेही कठीण होते. जुने सांधे पुष्कळदा सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदाने, जोडलेले असतात आणि त्यावर आजचा पांढरा गोंद नीट धरत नाही, म्हणून कोमट पाण्याने जुना सरस मऊ करून, पुसून, सांधा पूर्ण वाळल्यावरच नवा गोंद भरावा.

चपडीवर थेट पीयू मारणेही टाळावे. साध्या चपडीत नैसर्गिक मेण असते, त्यावर पीयू पक्के धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटू शकतात.

शेवटची चूक घराला आग लावू शकते. अळशीचे तेल लाकडाला लावल्यावर उरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात ठेवली, तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच ती घराबाहेर, एकेक सुटी करून पसरावीत आणि पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात टाकावीत.