टाइल फोडण्याआधी: सोसायटीच्या स्विमिंग पूलची गळती कशी शोधावी, कशी बुजवावी

पूलची पातळी रोज खाली जाते, टँकरचं बिल चढतं, खालच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या बॉनेटवर पांढरे चुनखडी डाग पडू लागतात. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये पूल रिकामा करून सगळ्या टाइल काढायचा ठराव येतो. हा ठराव शेवटच्या मीटिंगसाठी ठेवावा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत गृहसंकुलांमधले पूल सहसा आरसीसीचे, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचे, वर टाइल लावलेले असतात. अशा पूलमधलं पाणी काँक्रीटच्या अंगातून क्वचितच जातं. ते जातं पाइप, नोझल किंवा लाइट जिथे भिंतीत शिरतो त्या सांध्यातून, नाहीतर पंपरूममधून.

आधी पंपरूम बघा

फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या (हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आत चाकाच्या आऱ्यांसारखा एक रबरी गॅस्केट असतो. तो झिजला किंवा त्यात वाळूचा कण अडकला की व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर असतानाही थोडं पाणी बॅकवॉशच्या, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुतल्याचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपातून सरळ गटारात जातं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणून ही गळती महिनोन् महिने लपून राहते. पंप चालू ठेवून बॅकवॉशचा पाइप चेंबरमध्ये जिथे सुटतो तिथे झाकण उघडून बघा. धार किंवा सतत थेंब दिसले तर चोर सापडला. पंप बंद करा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, झाकणाचे स्क्रू काढा, गॅस्केट बदला, खाच पुसून घ्या. हँडल फिरवायचं ते नेहमी पंप बंद करूनच. चालू पंपावर फिरवल्याने हा गॅस्केट फाटतो.

तिथेच पंपाच्या मेकॅनिकल सीलखाली (पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलखाली) ओल आहे का आणि युनियनचे, म्हणजे पाइप उघडता येणारे आट्यांचे सांधे ओले आहेत का, तेही बघून घ्या.

बादलीची चाचणी

ठाण्यात एप्रिल-मेच्या उन्हात आणि वाऱ्यात पूलचं पाणी दिवसाला काही मिलिमीटर सहज उडतं. ते वेगळं काढल्याशिवाय गळतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात ही चाचणी करूच नका. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

एक बादली पूलच्या पायरीवर ठेवा, तळाशी वीट टाकून स्थिर करा. बादलीत पूलचंच पाणी भरा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, दोन्हीकडे टेपने खूण करा. आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह बंद करा. हे बरेच जण विसरतात आणि मग पूल गळतच नाही असा निष्कर्ष काढतात. पंप बंद ठेवून २४ तास थांबा. पोहणं नाही, बॅकवॉश नाही. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं ते बाष्पीभवन. पूल त्याहून ३ मि.मी. किंवा जास्त उतरला असेल तर गळती आहे. पुढचे २४ तास पंप चालू ठेवून हेच पुन्हा करा.

ओव्हरफ्लो पूल असेल, म्हणजे पाणी काठावरून जाळीच्या गटारात पडून बॅलन्सिंग टँकमध्ये जात असेल, तर रीत थोडी बदलते. पंप बंद असतानाच्या चाचणीसाठी पाणी काठाच्या १० से.मी. खाली घ्या. टँकवर वेगळी खूण करा. कारण टँकच गळका निघतो असंही होतं. पंप चालू असताना पातळी मोजायची ती टँकमध्येच, कारण पूल तर सतत काठोकाठ दिसणार.

हिशोब सोपा आहे. १२ मीटर × ६ मीटरच्या पूलचं क्षेत्रफळ ७२ चौ.मी. बाष्पीभवन वजा जाता रोज १ से.मी. पाणी जात असेल तर ते ७२० लिटर, महिन्याला २१,६०० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर थोडं. कमिटीसमोर हा आकडा ठेवला की दुरुस्तीच्या खर्चावरची चर्चा लवकर आटोपते.

आकडे काय सांगतात

पंप चालू असताना जास्त पाणी जातं? मग रिटर्न लाइन, म्हणजे पंपाकडून पूलकडे पाणी नेणारा पाइप बघा, ती दाबाखाली असते. पंप बंद असताना जास्त जातं? मग सक्शन लाइनवर, म्हणजे पूलमधून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपावर संशय घ्या. पंप चालू असताना ती बाहेरची हवा आत ओढते, त्यामुळे नोझलमधून बुडबुडे येतात. पण बुडबुडे दिसले म्हणून लगेच जमीन खोदू नका. आधी पंपाच्या पारदर्शक झाकणाचा ओ-रिंग काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. बऱ्याचदा बुडबुडे तिथेच थांबतात. दोन्ही आकडे सारखे आले तर गळती पूलच्या भिंतीत, तळात किंवा फिटिंगमध्ये आहे.

अशा वेळी पंप बंद करून पाणी उतरू द्या आणि ते कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खणाच्या) तोंडाशी थांबलं तर स्किमर, लाइटच्या उंचीवर थांबलं तर लाइट. तळापर्यंत जायला लागलं तर मेन ड्रेन, म्हणजे तळातलं जाळीचं तोंड. जमिनीतल्या पूलमध्ये मात्र अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. कारण पुढे आहे.

रंगाची चाचणी

किराणा दुकानातला खायचा लाल रंग थोड्या पाण्यात दाट कालवा, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरा. पंप बंद करून किमान तासभर पाणी संथ होऊ द्या. सिरिंजचं टोक संशयाच्या जागेपासून दोन-तीन से.मी.वर धरून रंग अगदी हळू सोडा. गळती असेल तर रंगाचा धागा तिथे ओढला जातो. नसेल तर ढगासारखा तरंगत राहतो. क्रम असा ठेवा: स्किमर आणि भिंतीचा सांधा, रिटर्न नोझल, व्हॅक्युम पॉइंट, लाइटचा खड्डा, पायऱ्यांचे कोपरे, टाइलमधले उडालेले सांधे, शेवटी मेन ड्रेन. पाण्यात उतरण्याआधी पंप आणि लाइट यांचे एमसीबी (बोर्डवरचे वीज तोडणारे स्विच) पाडा आणि बोर्डवर पाटी लावा. काठावर दुसरा माणूस हवाच.

लाइटची फिटिंग खड्ड्यातून सोडवून वर काठावर आणा; आत तेवढी वायर गुंडाळलेली असते. वायर मागच्या ज्या पाइपात जाते त्याचं तोंड ही नेहमीची गुन्हेगार जागा. पाणी त्या पाइपातून जंक्शन बॉक्सच्या बाजूला वाट काढतं.

पाइपाची प्रेशर टेस्ट

संशय पाइपावर असेल तर पूलकडचं तोंड रबरी एक्स्पांडिंग प्लगने बंद करा आणि पंपरूमकडून प्लंबरच्या हाताच्या टेस्ट पंपाने पाणी भरत दर चौ.से.मी.ला १ ते १.५ किलो दाब द्या. एकेक लाइन वेगळी. अर्धा तास काटा हलला नाही तर लाइन शाबूत. कॉम्प्रेसरची हवा भरू नका. प्लग निसटला तर गोळीसारखा सुटतो.

दुरुस्ती

लाइटच्या वायरचं तोंड आणि फिटिंगभोवतीच्या बारीक फटी पाण्याखालीच बुजवता येतात. दोन भागांची, पाण्याखाली चालणारी एपॉक्सी पुट्टी घ्या, दोन्ही भाग समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, जागा तारेच्या ब्रशने घासा, दाबून भरा. २४ तास हात लावू नका. साधा सिलिकॉन इथे टिकत नाही.

यूपीव्हीसी पाइप फुटला असेल तर खराब तुकडा कापून नवा तुकडा कपलरने जोडा. कडा घासून कोरड्या करा, सॉल्व्हंट सिमेंट दोन्हीकडे लावा, २४ तासांनी पुन्हा प्रेशर टेस्ट. ती पास झाल्यावरच माती टाका.

पाइप भिंतीतून जातो तिथला सांधा गळत असेल तर पाणी सांध्याखाली उतरवून पाइपाभोवती छिन्नीने ४० ते ५० मि.मी. खोल खाच खोदा, पाण्याने फुगणारी पट्टी पाइपाला गुंडाळा आणि नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणारा) ग्राउट ठासून भरा. टाइलच्या सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी ग्राउट वापरा. पीएच सतत कमी राहिलेल्या पाण्यात सिमेंटचा ग्राउट झिजत जातो. काँक्रीटलाच आरपार चीर असेल तर ती इंजेक्शनने भरावी लागते, आणि तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरला आधी बोलवावं.

रिकामा करायचाच असेल तर

वाशी, सानपाडा, नेरूळच्या खाडीकडच्या भागात भूजल वर असतं. पूलमधलं पाणी त्याचा दाब तोलून धरतं. ते काढलं की खालचा दाब तळ फोडू शकतो, पूलच वर उचलू शकतो. म्हणून जमिनीतला पूल पावसाळ्यात आणि लगेच नंतर रिकामा करू नका; फेब्रुवारीनंतर, शेजारी खड्डा घेऊन भूजल किती खोल आहे ते बघून करा. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर बांधलेल्या पूलला हा धोका नाही. तिथे काळजी वेगळी: क्लोरीनचं पाणी स्लॅबमध्ये मुरून सळ्या गंजवतं, म्हणून दुरुस्ती लांबवू नये.

नव्या वॉटरप्रूफिंगवर टाइल बसवण्याआधी पाणी भरून ७२ तास ठेवा. पूल पुन्हा भरताना दिवसाला पाऊण मीटरपेक्षा जास्त भरू नका, मग बादलीची चाचणी परत करा. पार्किंगमधलं ठिबकणं त्यानंतरही काही दिवस चालूच दिसेल, कारण स्लॅबवरच्या कोब्याच्या थरात मुरलेलं पाणी सावकाश बाहेर येतं. बादली ठीक सांगत असेल तर थांबा, आणि स्लॅब पूर्ण सुकेपर्यंत खालून प्लास्टर मारू देऊ नका.