ॲनोडवर कार्बन नको! इरिडियम कॅटलिस्ट करताना या चुका टाळा

पीईएम इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र. त्याच्या ॲनोडला, म्हणजे ऑक्सिजन सुटतो त्या इलेक्ट्रोडला, कॅटलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून इरिडियम लागतं, आणि ते जगभरात वर्षाला जेमतेम 7-8 टन निघतं, तेही प्लॅटिनमच्या खाणींत जोडउत्पादन म्हणून. त्यामुळे ते एखाद्या स्वस्त सपोर्टवर (आधाराच्या पदार्थावर) पातळ पसरायचं, हे सगळ्यांना पटतं. मग नवा विद्यार्थी येतो आणि फ्युएल सेलमध्ये वापरतात तीच कार्बन पावडर उचलतो.

कृपा करून असं करू नका. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो साधारण 0.21 व्होल्टला, ऑक्सिजन सुटतो 1.23 च्या वर. खालच्या विभवाला (व्होल्टेजला) कार्बन इतका सावकाश झिजतो की कळत नाही. दीड व्होल्टच्या पुढे मात्र तो भराभर जातो, आणि तो जाताना वाहणारा करंटही तुमच्या आलेखात ऑक्सिजनच्या नावावर जमा होतो.

मीही यात फसले आहे. कार्बन पेपरवर कोटिंग केलं, करंट झकास आला, आलेख घेऊन सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "गॅस बघितलास का?" मग सेलमधून नायट्रोजन सोडला आणि बाहेर पडणारा वायू चुन्याच्या निवळीत नेला. सातवीत करतो तोच प्रयोग. बघता बघता निवळी दुधाळ झाली. रात्रभर सेल चालवला तर सकाळी तळाशी काळी भुकटी, आणि इलेक्ट्रोडवर बोट लावलं की कोटिंग बोटाला. दीड महिन्याचं काम गेलं. तेव्हापासून गॅस मोजल्याशिवाय मी कुणाचाच आलेख मान्य करत नाही.

टायटॅनियम डायऑक्साइड टिकतो, पण त्यातून वीज धड वाहत नाही. त्यावर इरिडियम ऑक्साइडचा सलग पापुद्रा हवा. इरिडियम वाचवायच्या नादात कण सुटे सुटे राहिले, तर निम्मे नुसतेच बसून राहतात. अँटिमनी घातलेला टिन ऑक्साइड वीज वाहून नेतो, पण आम्लात अँटिमनी विरघळतं. इलेक्ट्रोलाइटचा नमुना आधी आणि नंतर, दोन्ही वेळा आयसीपीला (विरघळलेले धातू मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा.

दुसरी नेहमीची घाई म्हणजे फिरत्या डिस्कवर (कॅटलिस्टचा थर लावून झटपट चाचणी घ्यायच्या इलेक्ट्रोडवर) दोन तासांत व्होल्टेज चढलं की "कॅटलिस्ट मेला" असं लिहून मोकळं होणं. बऱ्याचदा थराच्या छिद्रांत ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. करंट बंद करा, आर्गॉन सोडा, थोडं थांबून पुन्हा मोजा. आकडा मागे आला तर कॅटलिस्ट शाबूत आहे. खालची ग्लासी कार्बनची डिस्कही या विभवाला खराब होते, म्हणून टिकाऊपणाचा आकडा मी फक्त खऱ्या सेलमधलाच धरते.

सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) नको, क्लोराइड झिरपतं; मर्क्युरी सल्फेटचा घ्या आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडशी ताडून बघा. करंट पावडरच्या वजनावर भागू नका, इरिडियमच्या वजनावर भागा. आणि ते वजन कृतीतून गृहीत धरू नका. धुताना किती वाहून गेलं, हे पावडर तपासल्यावरच कळतं.