जुना कॉम्प्युटर अडला? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

“नेट चालत नाही, व्हायरस शिरलाय बहुतेक. जरा फॉरमॅट मारून देतोस का?” असा फोन आला की मी आधी विचारतो, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? मागे शेजारच्या काकांनी चष्मा लावून वाचली: १ जानेवारी २००९. निदान तिथंच झालं.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायोसमधल्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) नोंदी तो सांभाळतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर हे काम विजेवरच भागतं. पण आपण रात्री बटण बंद करून झोपणारी माणसं, त्यामुळे सेलवर भार जास्त. तो संपला की तारीख मागे जाते. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र असतं आजचं, कॉम्प्युटर असतो २००९ मध्ये. त्याच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ब्राउझर “कनेक्शन खासगी नाही” म्हणत पान अडवून धरतो. यात व्हायरसचा काही संबंध नाही. आणि रोज सकाळी तारीख हातानं दुरुस्त करत बसणं हाही उपाय नव्हे. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा हा सेल बदला, अधिक चिन्ह वर ठेवून.

याच सेलची दुसरी करामत जास्त घातक आहे. बायोसच्या नोंदी मूळपदावर गेल्या की काही बोर्डांवर हार्ड डिस्कची सेटिंग ‘एएचसीआय’ची ‘आयडीई’ होते (डिस्कशी बोलण्याच्या या दोन पद्धती). विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो, त्यावर ७बी हा आकडा, आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. इथं नव्वद टक्के लोक, म्हणजे माझ्या ओळखीतले तरी, “विंडोज उडालं” म्हणून सीडी शोधायला लागतात. बायोसमध्ये जाऊन सेटिंग पूर्वीसारखी केली की सगळं जसंच्या तसं परत येतं. फॉरमॅट मारला असता तर काय गेलं असतं, ते पुढे सांगतो.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आतून बीप-बीप. ही बहुधा रॅमची, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या पट्टीची, तक्रार. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, भुकटी झटका आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ म्हणेपर्यंत बसवा. पॉलिशपेपर घासणारेही मी पाहिलेत. पट्टीवरचा मुलामा गेला की रॅमही गेली. नवी घेताना जुनी सोबत न्या: डीडीआर२ च्या जागी डीडीआर३ बसत नाही, खाच वेगळी असते, आणि जोर लावला तर खाचच मोडते. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर पैसे घालू नका, ती वापरलीच जात नाही.

पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल तर धूळ. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं पेन्सिलीनं अडवून धरा, नाहीतर तो भिरभिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उत्सुकतेपोटी उचलून तसाच परत ठेवू नका. खालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायलाच हवी. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र घरी उघडू नये. बंद असतानाही त्यात झटका बसण्याइतका विद्युतभार उरलेला असू शकतो.

हार्ड डिस्कमधून टकटक येऊ लागली तर ‘चेकडिस्क’ किंवा ‘डीफ्रॅग’ (डिस्क तपासणारे आणि तिच्यावरच्या फायली नीट लावणारे विंडोजचे प्रोग्रॅम) चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला पळायला लावण्यासारखं आहे ते. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा, मग एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावा. जुन्या बोर्डवरही फरक डोळ्यांना दिसतो.

विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ वं. साइट अर्धवट उघडतात म्हणून ब्राउझर दहा वेळा काढून टाकण्यात अर्थ नाही, आणि अशा मशीनवर बँकेचा व्यवहार तर नकोच. प्रोसेसर ६४-बिट आणि रॅम ४ जीबी असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बरी चालते.

आता काय गेलं असतं ते. काकांनी घराण्याची वंशावळ युनिकोडच्या (आता सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. अशा फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली तरी दुसरीकडे उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण मजकूर त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही. आणि फॉन्ट असतो सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये, ज्याची आठवण फॉरमॅट मारताना कुणालाच होत नाही. काकांना मी आधी ते ‘फॉन्ट्स’ फोल्डर कॉपी करायला लावलं, वंशावळीची पीडीएफ करून घेतली आणि मगच सेल बदलला.