शाळांना मदत वाटताय? आधी महिना बघा

यंदा बीड जिल्ह्यातल्या शाळांना मंडळातर्फे मदत द्यायचं तुम्ही ठरवलंय, म्हणून लिहितोय. अर्ज, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), मुख्याध्यापकांचा फोन हे सगळं घ्यालच.

शाळा बघायला कुठल्या महिन्यात जाणार, ते आधी ठरवा. आम्ही मदत वाटली तेव्हा गेलो जानेवारीत. तांड्यावरच्या शाळेत हजेरीपटावर 34 नावं, वर्गात 11 पोरं. आमच्यातल्या एकाने तिथंच वहीत 'पट बोगस' लिहिलं आणि पैसे गेले तालुक्याच्या गावातल्या शाळेला. बाकीची 23 पोरं आईबापासोबत ऊसतोडीला, कारखान्याच्या कोपीवर (झोपडीवर) होती. कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दसरा-दिवाळीला जातात, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. बीडमध्येच जन्मलेल्या आम्हा सात जणांपैकी एकालाही हे आठवू नये! सप्टेंबरात जा.

निकष पटावर लावू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान आधीच पटावर ठरतं: तिशीच्या आत 10 हजार, शंभर ते अडीचशेला 50 हजार. पत्रे मात्र दोन्हीकडे गळतात. आपणही तोच हिशेब लावला तर लहान शाळेला दुसऱ्यांदा मार.

सुबक अर्जाला गुण देऊ नका. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी मीटिंगला गेले की दुसऱ्याकडे चारही वर्ग. अर्ज रात्री घरी बसून लिहिलेला, खाडाखोडीचा. मोठ्या शाळेचा रंगीत प्रिंटमध्ये, फोटोंसकट. अर्ज एक पानी ठेवा, हाताने लिहिलेला चालेल असं ठळक छापा. आणि अर्जात पट विचारताना कुठल्या महिन्याचा तेही विचारा. हे विसरू नका, आम्ही विसरलो.

प्रोजेक्टर देण्याआधी मीटर चालू आहे का बघा. बिल थकलेलं असतं.

ज्याचा भाऊ किंवा मेहुणा त्या शाळेवर आहे त्याने निवडीच्या बैठकीतून उठायचं. वाईटपणा येतो, येऊ द्या.

पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर. पावत्या. हारतुरे नकोत.

सप्टेंबर हुकलाच तर वर्गातली डोकी मोजू नका, जुलै-ऑगस्टच्या हजेरीची पानं मागा. हंगामी वसतिगृहात, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या पोरांच्या सोयीत, किती पोरं राहिलीत, तेही विचारा.