एलपीए रिसेप्टरचा प्रयोग फसतोय? आधी नळी तपासा

"सर, एलपीए घातलं, पण पेशी ढिम्म!" नाशिकमधल्या एम.एस्सी.च्या नाहीतर फार्मसीच्या मुलांकडून ही तक्रार आली, की मी रिसेप्टरबद्दल, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाबद्दल, काही विचारतच नाही. मिडीयममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) होतं का, हा पहिला प्रश्न.

लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे एलपीए, हे छोटंसं लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्याचे सहा रिसेप्टर आहेत (एलपीए१ ते एलपीए६), सगळे जी-प्रथिनांशी, म्हणजे संदेश पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांशी, जोडलेले; पहिला १९९६ मध्ये ओळखला गेला. यातले काही तर नॅनोमोलर प्रमाणालाही प्रतिसाद देतात. आणि सीरममध्ये एलपीए मायक्रोमोलर, म्हणजे हजारपट मोठ्या एककातल्या, प्रमाणात असतं, कारण रक्त गोठताना ऑटोटॅक्सिन हे एन्झाइम लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनपासून ते भराभर तयार करतं. दहा टक्के सीरममध्ये वाढलेल्या पेशींवर वरून चिमूटभर एलपीए घालणं म्हणजे पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर एखाद्याला हळूच हाक मारणं. शिवाय सतत उत्तेजित राहिलेले रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि प्रतिसाद आणखी मंदावतो. म्हणून प्रयोगाआधी पेशी काही तास किंवा रात्रभर सीरमविना ठेवा. दोन-दोन दिवस मात्र उपाशी ठेवू नका, पेशी आजारी पडतात आणि मग जे दिसतं ते उपासमारीचं असतं. कोळशाने लिपिड काढलेलं सीरमही डोळे झाकून वापरू नका. लिपिड गेलं तरी ऑटोटॅक्सिन हे प्रथिन आहे, ते मागे राहू शकतं.

दुसरी चूक नळीतली. एलपीए नुसत्या बफरमध्ये ठेवलं तर प्लास्टिकला चिकटतं, आणि लेबलवर एक प्रमाण, पेशींपर्यंत भलतंच. ०.१ टक्के अल्ब्युमिनमध्ये (लिपिड धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) विरघळवा, तेही स्निग्धाम्लमुक्त. साधं अल्ब्युमिन स्वतःच लिपिड घेऊन येतं. एलपीएविना तेवढंच अल्ब्युमिन घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, नसेल, तर तो प्रयोग मी वाचतही नाही. द्रावणाचे छोटे भाग करून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

डिसेंबर-जानेवारीत इथे आणखी एक गंमत होते. इनहिबिटर, म्हणजे रिसेप्टर किंवा एन्झाइम अडवणारी रसायनं, ज्यात विरघळवतात ते डायमिथाइल सल्फॉक्साइड साधारण १८.५ अंश सेल्सिअसला गोठतं, आणि नाशिकच्या सकाळी टेबलावरची बाटलीही दगड होते. अर्धवट वितळलेल्या द्रावणातून इनहिबिटर घेतला तर प्रमाण चुकणारच. पूर्ण वितळू द्या, नीट हलवा, मग पिपेट बुडवा.

आता प्रतिसाद मिळाला, पण कोणत्या रिसेप्टरमुळे? इथे घाई होते. केआय१६४२५ या रिसेप्टर अडवणाऱ्या रसायनाने प्रतिसाद थांबला म्हणजे एलपीए१ सिद्ध झाला असं नाही. तो एलपीए३ लाही अडवतो, एलपीए२ ला थोडाफार, बाकीच्या तिघांना जवळपास नाही. एचईके२९३ या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये मुळातच एलपीए रिसेप्टर असतात, त्यामुळे बाहेरचं जनुक न घातलेल्या पेशींची तुलना हवीच. अँटीबॉडीच्या एका पट्टीवर विसंबू नका. क्यूपीसीआर करून रिसेप्टरच्या जनुकाचा आरएनए मोजा, जनुक बंद करून पाहा. पर्ट्युसिस टॉक्सिनने जीआय या जी-प्रथिनाचा, सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू कमी करणारा मार्ग बंद होतो; जी१२/१३ या दुसऱ्या जी-प्रथिनांमधून जाणारा, पेशीचा आकार बदलणारा आरएचओ मार्ग चालू राहतो. पेशींचा आकार बदलतोय पण सीएएमपी हलत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं.

रुग्णांचे नमुने मोजणाऱ्यांसाठी एकच सांगणं: सीरम नको, ईडीटीएमधला (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लाझ्मा घ्या. मे महिन्यात पंचवटीहून कॉलेज रोडपर्यंत नमुना बर्फाशिवाय आणलात, तर ऑटोटॅक्सिन वाटेत काम करत राहतं आणि तुम्ही रुग्णाचं नव्हे, प्रवासाचं एलपीए मोजता. लवकर सेंट्रिफ्यूज करून उणे ८० ला ठेवा. डेटाबेसमध्ये नुसतं एलपीए शोधलंत तर हृदयविकाराशी जोडलेल्या अपोलिपोप्रोटीन(ए) या वेगळ्याच प्रथिनाचं जनुक समोर येतं. रिसेप्टर हवा तर एलपीएआर१, एलपीएआर२ असं लिहा.

प्रबंधाच्या शेवटी आजारांबद्दल लिहितानाही हात आखडता ठेवा. उंदरांमध्ये एलपीए१ नसेल तर फुफ्फुसांचा फायब्रोसिस (ऊतीला व्रणासारखा कडकपणा येणं) कमी होतो, हे २००८ मध्ये दिसलं. तरी ऑटोटॅक्सिन अडवणाऱ्या झिरिटॅक्सेस्टॅट या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०२१ मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण फायद्या-धोक्याचा हिशेब जमेना. एलपीए१ रिसेप्टरच अडवणं हा वेगळा मार्ग आहे; एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर मांडू नका.